जी६पीडी, एक सुटलेली शेपटी आणि घाईने पाठवलेलं चित्र

हे प्रकरण आमच्याच गटातलं. मुलाचं वय, कुटुंबाचं गाव आणि जनुकातला नेमका बदल मी मुद्दाम बदलला किंवा गाळला आहे, कारण इतका दुर्मीळ बदल छापला की घर ओळखू येतं. बाकी सगळं जसं झालं तसं लिहिते आहे, आमच्या चुकांसकट. मी संगणकावर प्रथिनांचा अभ्यास करते. शेवटचं पिपेट हातात धरलं त्याला पंधराएक वर्षं झाली असतील.

पार्श्वभूमी

लाल रक्तपेशी तशी चमत्कारिकच. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, नवं प्रथिन बनवायची सोय नाही. अस्थिमज्जेतून निघताना जी शिदोरी बांधून मिळाली तिच्यावर सुमारे १२० दिवस काढायचे. त्यात काम ऑक्सिजन वाहण्याचं, म्हणजे ऑक्सिडेशनचा मारा अखंड. त्यातून वाचायला तिला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो. तो बनवण्याची या पेशीकडे एकच वाट आहे आणि त्या वाटेच्या पहिल्याच पायरीवर जी६पीडी हे एन्झाइम उभं असतं. पूर्ण नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. एकदा सांगितलं, पुन्हा नाही.

याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. जगात अंदाजे ४० कोटी लोकांमध्ये हे एन्झाइम कमी पडतं आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो मलेरियासाठी प्रायमाक्विन दिल्यावर, किंवा घरातल्या लहान मुलाने डांबराची गोळी चघळल्यावर: पेशी भराभर फुटतात, लघवी काळसर होते, डोळे पिवळे पडतात. प्रायमाक्विनचा हा खेळ जी६पीडीच्या कमतरतेमुळे होतो हे १९५६ साली कळलं. आपल्याकडची पहिली नोंद १९६३ची, मुंबईच्या पारशी समाजातली.

या जनुकातल्या बदलांना गावांची नावं द्यायची जुनी पद्धत आहे. यादी वाचताना प्रवासवर्णन वाचल्यासारखं वाटतं: कॅन्टन, नॅशव्हिल, बेव्हर्ली हिल्स, ओरिसा, आणि मध्येच आपलं कल्याण. केरळ-कल्याण या प्रकारात ३१७व्या जागेवरच्या ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येतं. मी डोंबिवलीत वाढले, त्यामुळे विद्यार्थ्यांना शिकवताना मी हे उदाहरण हटकून घेते.

पुढच्या गोष्टीसाठी एक बाब नीट समजून घ्यायला हवी. यातल्या पुष्कळ बदलांत एन्झाइमचं काम फारसं बिघडत नाही, बिघडतं त्याचं टिकणं. साधं जी६पीडी लाल पेशीत ६२ दिवसांत निम्मं होतं. आफ्रिकेत आढळणारा ए-मायनस हा प्रकार १३ दिवसांत निम्मा होतो, आणि मेडिटरेनियन प्रकार काही तासांतच. दुसऱ्या पेशीने नवं बनवून वेळ मारून नेली असती. लाल पेशीला ती मुभा नाही.

रचनेबद्दल थोडंसं. एका साखळीत ५१५ अमिनो आम्लं असतात. दोन साखळ्या जोडीने बसल्या की एन्झाइम कामाला लागतं. प्रत्येक साखळीवर एनएडीपीसाठी दोन जागा आहेत. एका जागेवरचा एनएडीपी कामावर येतो-जातो, त्याचाच एनएडीपीएच होतो. दुसऱ्या जागेवरचा कुठेच जात नाही. दोन साखळ्या जिथे भिडतात त्याच्या जवळ, काम चालतं त्या जागेपासून लांब, तो घरातल्या तुळईसारखा बसलेला असतो. २००० साली कॅन्टन प्रकाराची स्फटिक रचना (प्रथिनाचा स्फटिक करून क्ष-किरणांनी काढलेला त्याचा नकाशा) आली तेव्हा तो पहिल्यांदा स्पष्ट दिसला. आम्ही त्याला ‘बसका एनएडीपी’ म्हणतो. ज्या बदलांमुळे कुठलंही औषध न घेता, कुठलंही निमित्त नसताना कायम रक्त फुटत राहतं, त्यातले बरेचसे याच परिसरात सापडतात.

अडचण

मुंबईतल्या एका रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा फोन आला. आमची जुनी ओळख. त्यांच्याकडे एक छोटा मुलगा होता. जन्मानंतर कावीळ, फोटोथेरपी, आणि तेव्हापासून हिमोग्लोबिन वर यायलाच तयार नाही. रेटिक काउंट (रक्तातल्या कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण) सतत चढलेला, म्हणजे अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने नव्या पेशी पाठवते आहे. जी६पीडीची पातळी खूप कमी. जनुक वाचलं तर शेवटच्या भागात एक अमिनो आम्ल बदललेलं होतं आणि आईच्या एका एक्स गुणसूत्रावरही तेच. हा बदल आधी कुणी नोंदवलेला नव्हता. अहवालात शिक्का पडला: ‘अर्थ अनिश्चित’.

“पोराचे उपचार काही तुमच्यावर अडलेले नाहीत,” त्या म्हणाल्या. “फॉलिक ॲसिड चालू आहे, टाळायच्या औषधांची यादी दिली आहे, लागेल तेव्हा रक्त देतो. पण आई पुन्हा गरोदर आहे. तिला काय सांगू? हाच बदल गुन्हेगार आहे की नुसता शेजारी उभा आहे?”

हा प्रश्न संगणकाला विचारण्याजोगा आहे. बदललेलं आणि साधं, अशी दोन्ही प्रथिनं पाण्यात ठेवायची, प्रत्येक अणूवर किती बल पडतं ते काढायचं, त्याला दोन फेम्टोसेकंद पुढे सरकवायचं, पुन्हा बल काढायचं, आणि हे चालू ठेवायचं. यालाच सिम्युलेशन म्हणतात, आणि त्याची एक फेरी म्हणजे एक रन. ५०० नॅनोसेकंदांच्या एका रनला अशी २५ कोटी पावलं टाकावी लागतात. एवढं करून हातात येतो सेकंदाचा वीस लाखांतला एक तुकडा. ज्या प्रथिनाचं आयुष्य आठवड्यांत मोजायचं, त्याचं आम्ही हे एवढंच पाहतो. दोन्ही काळांत सुमारे दहा लाख कोटी पटींचं अंतर आहे. म्हणून टिकाऊपणा आम्हाला थेट दिसत नाही. दिसतात त्या खुणा: कुठली पकड ढिली झाली, कुठला भाग फडफडायला लागला.

पहिला निर्णय: सुरुवात कुठल्या फाइलपासून

काम माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने हाती घेतलं. हुशार, झपाट्याने काम करणारा मुलगा. प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक संग्रहात, मानवी जी६पीडीच्या तीन जुन्या रचना समोर होत्या. कॅन्टनची, पण तिच्यात ४५९व्या जागेवर स्वतःचाच बदल. आणि २००५ साली आलेल्या दोन: एक एनएडीपीसकट, २.५ ॲंगस्ट्रॉमची (हा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट), दुसरी ग्लुकोज-६-फॉस्फेटसकट (हा या एन्झाइमचा सब्स्ट्रेट, म्हणजे ज्या रेणूवर ते काम करतं तो), २.९ ॲंगस्ट्रॉमची, तिचा क्रमांक २बीएचएल.

त्याने २बीएचएल घेतली. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “मॅडम, यात सब्स्ट्रेट बसलेला आहे. एन्झाइम कामावर असतानाचं रूप हेच.” मला ते पटलं. आता मागे वळून पाहताना वाटतं, इतक्या सहज पटलेल्या उत्तरापाशी मी आणखी दोन मिनिटं थांबायला हवं होतं. या रचनेत शेवटची शेपटी, म्हणजे साखळीचं शेवटचं टोक, नीट दिसत नाही. त्याने ती मॉडेलिंगच्या प्रोग्रॅमने बांधून घेतली, दोन साखळ्यांची जोडी केली, मुलाचा बदल घातला, पाणी भरलं आणि दोन लाखांच्या आसपास अणूंचं ते गाठोडं क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या, क्यूमध्ये टाकलं.

बदललेल्या प्रथिनाचे तीन रन लावले, साध्याचा एकच, तोही २०० नॅनोसेकंदांचा. तेव्हाची आमची समजूत अशी की, साध्या प्रथिनाला काय होणार आहे? ते तर निरोगी. क्लस्टरवरचे तास मोजके, ते आजारी प्रथिनावर खर्च करू.

तीन आठवड्यांनी तो लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आला. बदललेल्या प्रथिनाच्या तिन्ही रनमध्ये शेवटची शेपटी सुटली होती. पडद्यावर फार सुरेख दिसत होतं ते: आधी ती साखळीला लगटून बसलेली, मग एक टोक उचललं जातं, बाजूला पाणी शिरतं, आणि पुढच्या काही फ्रेममध्ये सबंध पट्टी दोरीवरच्या ओल्या धोतरासारखी हेलकावे खायला लागते. साध्या प्रथिनात २०० नॅनोसेकंदांपर्यंत ती जागेवर होती. बदल नेमका त्याच भागात. गोष्ट जुळली, इतकी की मीच खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

दुसरा निर्णय: चित्र

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना ईमेल पाठवली. ‘प्राथमिक आहे, अजून पडताळायचं आहे’ हे त्यात लिहिलं होतं. पण सोबत एक चित्र जोडलं: डावीकडे साधं प्रथिन राखाडी, उजवीकडे मुलाचं, सुटलेली शेपटी लालभडक. शब्द कितीही जपून लिहिले तरी लाल रंग कुणाचं ऐकत नाही.

पुढच्या भेटीत कुटुंबाला समजावताना डॉक्टरांनी ते चित्र छापून फाइलला लावलं. त्यांची चूक मी म्हणणार नाही. समजावायला चित्र लागतंच, आणि ते मीच दिलं होतं. आम्ही मात्र तेवढ्यात एका परिषदेला सारांश पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला.

गडबड कशी कळली

कुणाच्या हुशारीने नव्हे. परिषदेच्या पोस्टरवर दोन्ही आलेखांची लांबी सारखी दिसावी म्हणून मी त्याला साध्या प्रथिनाचा रन ५०० नॅनोसेकंदांपर्यंत वाढवायला सांगितलं. म्हणजे कारण निव्वळ देखाव्याचं.

दोन आठवड्यांनी सकाळी त्याचा मेसेज आला: “मॅडम, नॉर्मलची पण सुटली.”

साधारण ३४० नॅनोसेकंदांपाशी साध्या, निरोगी जी६पीडीची शेपटी तशीच उचलली गेली होती. तसंच पाणी शिरलं होतं, तसेच हेलकावे. आम्ही दोघं बराच वेळ तोच दहा नॅनोसेकंदांचा तुकडा मागे-पुढे करत बसलो. तो म्हणाला, कदाचित एखादाच अपवाद असेल. मी म्हटलं, आपण साध्याचा एकच रन लावलाय, आता एखादा कुठला आणि नेहमीचा कुठला?

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. २००५चा मूळ लेख पुन्हा वाचायला घेतला, या वेळी आकृत्यांच्या खालच्या मजकुरासकट. तिथे साधं सरळ लिहिलेलं होतं: सब्स्ट्रेट असलेल्या रचनेत बसका एनएडीपी अगदी कमी प्रमाणात दिसतो आणि त्याच्या जागेजवळची शेवटची शेपटी अव्यवस्थित आहे. आमच्या तयारीत तर बसका एनएडीपी नव्हताच. म्हणजे घराची तुळई काढून घेतली, पडलेली भिंत मॉडेलिंगने उभी केली, आणि नंतर ती पडली तेव्हा दोष नव्या भाडेकरूला दिला.

शेपटी का सुटली याचं उत्तर पंधरा-वीस वर्षांपूर्वी छापलेलं होतं, तेही आम्ही वापरलेल्या फाइलच्याच लेखात. मुलाच्या बदलाने काही केलं असेल किंवा नसेल. आमच्या रनवरून ते सांगताच येत नव्हतं.

पर्याय

त्या आठवड्यात आमच्याकडे बऱ्याच बैठका झाल्या. त्यातल्या दोन रागारागाच्या होत्या.

विद्यार्थ्याला सुरुवातीला वाटत होतं, निकाल ठेवावा आणि मर्यादा म्हणून एक ओळ लिहावी. त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता: बदललेल्यात शेपटी तिन्ही वेळा लवकर सुटली, साध्यात उशिरा. पण तीन विरुद्ध एक या आकड्यांवर ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ हे शब्द उभे राहत नाहीत. शिवाय बसक्या एनएडीपीविना शेपटी किती लवकर सुटते हा प्रश्नच मुळात कुणी विचारलेला नव्हता.

शेपटीला कृत्रिम बंध घालून जागेवर धरायचं, असं प्रकल्प सहायकाने सुचवलं. तो विचार आम्ही पाचच मिनिटांत सोडला. ज्या भागाचा संशय, तोच बांधून ठेवायचा तर बघायचं काय?

अल्फाफोल्डचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रोग्रॅमचा, पर्याय मात्र मोहात पाडणारा होता. २०२१पासून त्याची मॉडेलं फुकट मिळतात आणि जी६पीडीची शेपटी त्यात छान बसलेली दिसते. अडचण अशी की, त्या मॉडेलांत फक्त साखळी असते. एनएडीपीसारखे सोबतचे रेणू नसतात. पाहुण्यासाठी जागा धरून बसलेली माणसं दिसतात, पाहुणा नाही. तसंच सिम्युलेशनला लावलं असतं तर आमची तीच चूक अधिक देखण्या रूपात पुन्हा झाली असती. (२०२४च्या आवृत्तीत सोबतचे रेणूही मांडता येतात. पण प्रयोगातून मिळालेली चांगली रचना समोर असताना अंदाजाकडे का जायचं?)

उरला एक पर्याय: एनएडीपी असलेली २.५ ॲंगस्ट्रॉमची रचना घेऊन सगळं पहिल्यापासून करायचं. म्हणजे क्लस्टरवरचे आणखी दोन महिने, परिषद हातची जाणार, आणि विद्यार्थ्याच्या वार्षिक अहवालात एक सहामाही कोरी. तो गप्प झाला. त्याच्या स्कॉलरशिपचं शेवटचं वर्ष जवळ येत होतं, हे मला माहीत होतं आणि मी ते विसरले नव्हते. तरी निर्णय मीच घेतला. त्याच्यावर टाकला असता तर ते लोकशाही दिसलं असतं, पण खरं म्हणजे ती पळवाट झाली असती.

काय केलं

आधी डॉक्टरांना फोन केला. ईमेलने चूक कळवणं सोपं असतं, म्हणूनच फोन. “आधी पाठवलेलं चित्र चुकीच्या तयारीवर उभं आहे. बदल निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये. त्या चित्राला काहीच अर्थ नाही, एवढंच म्हणतेय,” मी म्हटलं. पलीकडे थोडी शांतता. मग त्या म्हणाल्या, “चित्र त्यांच्या फाइलमध्ये आहे. आणि आजीने ते पाहून सुनेला बरंच काही सुनावलंय. आईकडून आलेला तुटका भाग, असा अर्थ लावलाय घरात.”

हे मी कल्पनेतही धरलं नव्हतं. मुलाचं एक्स गुणसूत्र आईकडून येतं हे जीवशास्त्र झालं. लाल शेपटी पाहून घरात कुणाचा पाणउतारा झाला, हे त्या चित्राचं काम होतं, आणि चित्र माझं होतं. डॉक्टरांनी आई-वडिलांना पुन्हा बोलावून चित्र मागे घेत असल्याचं सांगितलं आणि फाइलमधून ते काढलं. परिषदेचा सारांश आम्ही मागे घेतला. आयोजकांचं उत्तर एका ओळीचं आणि सौजन्याचं होतं. मी उगीच धास्तावले होते.

नवी तयारी सावकाश केली. स्फटिकातल्या सममितीवरून दोन साखळ्यांची जोडी बांधली, दोन्ही साखळ्यांवरचे बसके एनएडीपी जागेवर ठेवले. एनएडीपीवर फॉस्फेट असतात, त्यांच्या शेजारच्या हिस्टिडिनांवर (या अमिनो आम्लावर प्रोटॉन कमी-जास्त असू शकतात) प्रोटॉन किती धरायचे हे या वेळी प्रोग्रॅमवर न सोडता एकेक करून पाहिलं. कंटाळवाणं काम, पण अर्ध्या चुका तिथेच होतात.

सगळ्यात मोठा फरक तुलनेत केला. साधं आणि मुलाचं, एवढ्या दोघांवर भागवलं नाही. तिसरं प्रथिन घेतलं नॅशव्हिल प्रकाराचं: ३९३व्या जागेवरच्या आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन, बसक्या एनएडीपीच्या परिसरातला, कायम रक्त फुटण्याशी जोडलेला जुना आणि ठाऊक बदल. चौथं घेतलं ए प्रकाराचं, १२६व्या जागेवरचा तो बदल, ज्यात एन्झाइम जवळपास साध्यासारखंच वागतं. आमच्या पद्धतीला ठाऊक असलेला चोर आणि ठाऊक असलेला साव ओळखता आला, तरच अनोळखी माणसाबद्दल तिने तोंड उघडावं. प्रत्येकाचे पाच रन, सगळे सारख्याच लांबीचे.

आणि एक छोटी गोष्ट, जिच्यासाठी पैसे लागले नाहीत. काय मोजायचं ते रन सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवलं: बसक्या एनएडीपीची पकड धरणारे संपर्क, शेपटीची हालचाल, दोन साखळ्यांमधली फट. प्रकल्प सहायकाने फाइलींना फळांची नावं दिली. कुठलं प्रथिन आंबा आणि कुठलं फणस, हे मोजमाप संपेपर्यंत विद्यार्थ्याला माहीत नव्हतं. त्याला पहिल्यांदा ते अविश्वासासारखं वाटलं. मी म्हटलं, माझ्यावरही तोच नियम. मलाही किल्ली दिली नव्हती.

दरम्यान, जैवरसायनशास्त्रातल्या एका सहकाऱ्यांनी मुलाचा बदल असलेलं जी६पीडी जिवाणूंत बनवून घ्यायचं मान्य केलं. त्यांना काय करायचं ते मी सांगितलं नाही, आमचे आलेखही दाखवले नाहीत. त्यांनी नेहमीची कसोटी लावली: एन्झाइम वेगवेगळ्या तापमानाला ठेवायचं, मग किती काम उरतं ते पाहायचं, तेच पुन्हा, एनएडीपी जास्त घालून.

निष्पत्ती

बसका एनएडीपी जागेवर असताना साध्या प्रथिनाची शेपटी पाचही रनमध्ये हलली नाही. आमच्या आधीच्या नाट्याचा निकाल तिथेच लागला. फळांची नावं उघडली तेव्हा साव साव ठरला होता, आणि चोराच्या रनमध्ये बसक्या एनएडीपीची पकड ढिली दिसत होती.

मुलाच्या बदलाचं उत्तर मधलं आलं. काही रनमध्ये पकड ढिली, काहींत साध्यासारखीच घट्ट. शेपटी पूर्ण सुटलेली एकदाही दिसली नाही. पहिल्या चित्रात जे लालभडक दाखवलं होतं ते घडतच नव्हतं. घडत असेल तर काहीतरी त्याहून बारीक: शेपटी जिच्या आधाराने बसते ती गाठ थोडी सैल. ५०० नॅनोसेकंदांत आम्हाला एवढंच दिसलं.

प्रयोगशाळेतलं उत्तर जास्त बोलकं होतं. मुलाच्या बदलाचं एन्झाइम साध्यापेक्षा कमी तापमानालाच हात टेकत होतं, आणि एनएडीपी वाढवल्यावर त्यातला काही भाग सावरत होता, सगळा नव्हे. म्हणजे बसक्या एनएडीपीच्या जागेचा संशय योग्य दिशेला होता. पण हे सिद्ध केलं पाणी तापवणाऱ्या साध्या यंत्राने. आमच्या जीपीयूंनी, म्हणजे सिम्युलेशन चालवणाऱ्या महागड्या चिप्सनी, मागून मान डोलावली.

डॉक्टरांच्या बाजूने बदलाचं वर्गीकरण ‘अर्थ अनिश्चित’वरून ‘बहुधा रोगकारक’कडे गेलं. त्यामागे प्रयोगशाळेची कसोटी, कुटुंबातली तपासणी आणि सर्वसाधारण लोकसंख्येच्या नोंदींत हा बदल न आढळणं ही कारणं होती. २०१५च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत संगणकी अंदाजाला पुराव्याची सगळ्यात खालची पायरी दिली आहे, नुसता ‘आधार देणारा’. पूर्वी मला त्याचा जरा राग यायचा.

आईला सल्ला मिळाला तो या अहवालावर. तिने काय ठरवलं, हा इथे लिहायचा विषय नाही. मुलाच्या उपचारांत आमच्या कामाने तसूभरही फरक पडला नाही, आणि पहिल्या फोनवर डॉक्टर तेच म्हणाल्या होत्या. विद्यार्थ्याचा शोधनिबंध वर्षभर उशिरा निघाला. त्यात पहिल्या फसलेल्या रनचा आलेख पुरवणीत आहे, साध्या प्रथिनाची शेपटी सुटतानाचा. परीक्षकांपैकी एकाने नेमका त्याच्यावरच प्रश्न विचारला आणि आम्हाला बरं वाटलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

चुकीची फाइल निवडणं ही मला यातली सगळ्यात मोठी चूक वाटत नाही. ती कुणाच्याही हातून होते. साध्या प्रथिनाचे पाच रन पहिल्याच खेपेला लावले असते तर ती तीन आठवड्यांत उघडी पडली असती. निरोगी प्रथिनाला कमी तास देणं ही काटकसर नव्हती, तिथे मी आंधळी झाले होते. हल्ली आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की पहिला महिना तो फक्त साधं प्रथिन चालवतो. कुरकुर होते. होऊ दे.

रचनेची फाइल उतरवण्याआधी तिचा मूळ लेख छापून, स्फटिकात काय दिसलं नाही त्या ओळींवर पेन्सिलने खुणा करून माझ्या टेबलावर यायला हवा, हाही आता नियम आहे. दिसलेल्या गोष्टी फाइलमध्ये असतातच, न दिसलेल्या लेखात शोधाव्या लागतात.

प्रयोगशाळेला मी फार उशिरा बोलावलं. आमचा निकाल पक्का झाला की मग त्यांना सांगू, असा माझा क्रम होता. उलट्या क्रमाने गेलो असतो तर तापवण्याची कसोटी महिन्याभरात झाली असती आणि आमच्या रनना नेमका प्रश्न मिळाला असता. यात थोडा आमच्या शाखेचा अहंकार होता, हे कबूल करायला हरकत नाही.

एका मुद्द्यावर मात्र विद्यार्थ्याचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्याच्या मते डॉक्टरांना मधले निकाल कळवायलाच नकोत, अंतिम अहवाल एकदाच द्यावा. मला ते पटत नाही. त्या थांबल्या होत्या, आई गरोदर होती, आणि गप्प बसणं हेही एक उत्तरच असतं. पण चित्र मी आता पाठवत नाही. मधला निकाल फोनवर, शब्दांत सांगते, आणि कुटुंबाला दाखवायचं काही लागलं तर ते डॉक्टर आणि मी एकत्र बसून बनवतो, राखाडी रंगात.

गेल्या वर्षी डॉक्टरांचा पुन्हा फोन झाला, दुसऱ्याच एका कामासाठी. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की, मुलगा शाळेत जातो, आणि तपासणीला आले की वडील नव्या रेसिडेंट डॉक्टरांना अजून मोबाइलवर तेच चित्र दाखवतात, लाल शेपटीचं. फाइलमधून ते काढलं त्याच्या आधीच त्यांनी फोटो काढून ठेवला होता.